खात्यावर मांडलेलं औषध

दिवाळी झाली की साखरशेतच्या पाड्यांवर घरांना कड्या लागू लागतात. भात झोडून झालेलं असतं, नागली-वरई कणगीत पडलेली असते, आणि ती किती महिने पुरेल हे घरच्या बाईला नुसतं बघून कळतं. मग भांडी, गोधड्या, कोंबड्या, धाकटी पोरं असं सगळं टेम्पोत चढतं आणि विक्रमगड, वाडा मागे टाकत भिवंडीच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर उतरतं. जव्हार-मोखाड्यात याला 'जगायला जाणं' म्हणतात. कामाला जाणं असं कोणी म्हणत नाही.

ही गोष्ट तिथल्या एका मुकादमाची. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. दरसाल तो चौदा जोड्या घेऊन जाई. जोडी म्हणजे नवरा-बायको. मध्यरात्रीनंतर उठून गारा मळायचा, साच्यानं विटा थापायच्या, आणि मजुरी हजार विटांमागे. पैसे मात्र तीन वाटांनी येत. निघण्याआधी उचल, भट्टीवर दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची, आणि उरलेलं पावसाच्या तोंडावर, हिशोबाच्या दिवशी.

एका वर्षीच्या हिशोबाला मुनीम वही उघडून बसला होता. एका जोडीचं पान आलं. मोठी मुलगी आश्रमशाळेत, धाकटा दोन वर्षांचा मुलगा सोबत, आणि सहा महिने दोघं नवरा-बायको गाऱ्यात. मुनीमानं वाचलं, "विटा इतक्या. उचल वजा. खर्ची वजा. औषध सहा हजार चारशे, वजा." खातं फिरलं. दोन हजार तीनशे रुपये जोडीच्याच अंगावर निघाले. म्हणजे पुढच्या वर्षाची उचल घेण्याआधीच पुढच्या वर्षाचे काही दिवस विकले गेले.

बाई म्हणाली, "एवढा कसला औषध?"

"तुम्हीच घेतलंत ना?" मुनीम म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. त्यांनीच घेतलं होतं.

भट्टीवर कोणी आजारी पडलं की मुनीम चिठ्ठी देई. चिठ्ठी घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरकडे जायचं, शेजारच्या मेडिकलमधून पिशवी भरून आणायची. रोख काही द्यायचं नाही. आजाऱ्याला बरं वाटे, की शेठ आपलं औषध करतो. औषध घेताना भाव दिसत नसे, आणि भाव दिसेपर्यंत औषध कधीच पोटात जिरून गेलेलं असे. डॉक्टर लिहीत होता, दुकानदार देत होता, मुनीम मांडत होता. या तिघांपैकी एकाच्याही खिशातून पैसा जात नव्हता, मग हात आखडायचा कोणी?

शेठलाही हे पान आवडत नव्हतं. खातं फिरलं की जोडी पुढच्या साली दुसऱ्या भट्टीवर जाते आणि उचल बुडते. त्यानं मुकादमाला बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी चिठ्ठी बंद. ज्याचं औषध त्यानं बघायचं." खर्च कमी करायचा हा सगळ्यात सोपा रस्ता. मोठमोठ्या कंपन्याही आधी हाच धरतात.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर त्या जोडीतला गडी खोकू लागला. आधी सकाळी, मग रात्रभर. चिठ्ठी बंद, आणि आजार सांगितला तर काम जाईल ही भीती. म्हणून त्यानं सांगितलंच नाही. खर्चीतून खोकल्याच्या बाटल्या आणायचा. बाटलीनं दोन दिवस गळा थंड व्हायचा, पुन्हा तेच. अशा सात बाटल्या झाल्या. बाजाराच्या दिवशी बाई तेल घ्यायची ते बंद झालं, सुकट बंद झाली. होळीला सगळी माणसं गावी आली तेव्हा पाड्याची चढण चढताना तो तीन वेळा खाली बसला. होळीभोवती नाचायला उठला नाही. आमच्याकडे माणूस होळीला उठला नाही की घरच्यांच्या काळजात धस्स होतं.

दुसऱ्या दिवशी बाईनं त्याला साखरशेतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. मुलगी होळीच्या सुट्टीला घरी आली होती, ती बरोबर. मुकादमही आला, कारण जोडी तुटली तर त्याच्याही अंगाशी येणार होतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटल्यावर डॉक्टरांनी थुंकी तपासायला घेतली आणि विचारलं, आत्तापर्यंत काय काय घेतलं? बाईनं घरून आणलेली प्लास्टिकची पिशवी औषधं देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर उपडी केली.

दोन वर्षांची रिकामी पाकिटं होती त्यात. पुन्हा तेच दुखणं आलं तर दाखवायला बरं, म्हणून बाईनं एकही फेकलं नव्हतं. वाचता येत नाही ते माणूस जपून ठेवतं.

औषधनिर्माता माणूस शांत होता. त्यानं मुलीला शेजारी बसवलं. "कितवीत आहेस?"

"नववीत."

"मग इंग्रजी अक्षरं येतात. कंपनीनं ठेवलेलं नाव सोड. औषधाचं मूळ नाव वाच." आणि त्यानं तिला ते कुठे असतं ते दाखवलं. 2018 पासून नियम आहे, की मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा दोन आकारांनी मोठं छापायचं. जीवनसत्त्वांच्या मिश्रणांना आणि तीन किंवा जास्त औषधं एकत्र केलेल्या गोळ्यांना मात्र त्यातून सूट.

मुलगी एकेक पाकीट उचलून वाचू लागली. "पॅरासिटामॉल." बाजूला ठेवलं. वेगळ्या रंगाचं दुसरं, "पॅरासिटामॉल." चकचकीत तिसरं, "पॅरासिटामॉल." चौथं, पाचवं. टेबलावर पाच रंगांची पाच नावं एका ढिगात आली. दुसऱ्या ढिगात पित्ताच्या गोळ्या, तीन नावांच्या आणि आतून एकाच. तिसरा ढीग ताकदीच्या गोळ्यांचा, त्यातलं मूळ नाव शोधायला साहेबांनाही चष्मा लावावा लागला. ते उठले, मागच्या फळीवरून सरकारी शिक्क्याचं एक साधं पाकीट आणून पहिल्या ढिगाशेजारी ठेवलं. "वाच."

"पॅरासिटामॉल."

"केवढ्याला?" बाईनं विचारलं.

"पैसे नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे नाहीत."

बाई त्या पाच रंगांकडे बघत राहिली. मला वाटतं, फसवलं गेल्याचं दुःख वेगळं आणि आपल्या अंगणातली विहीर सोडून लांबचं पाणी विकत घेतल्याचं दुःख वेगळं. हे दुसरं होतं.

पण त्या माणसानं आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या गोष्टीतला खरा शहाणपणा तिथे आहे. ढिगांत न बसणारी एक बाटली त्यानं वेगळी काढली. आदल्या वर्षी धाकट्याला धाप लागली होती, छाती आत ओढली जात होती, तेव्हा नाक्यावरच्या डॉक्टरनं दिलेलं प्रतिजैविकाचं औषध होतं ते. "हे बरोबर दिलं होतं," तो म्हणाला. "त्या रात्री हे मिळालं नसतं तर पोर हाती लागलं नसतं. याचे पैसे गेले ते गेले असं म्हणू नका." म्हणजे त्या सहा हजार चारशेमध्ये काही रुपये मुलाच्या जिवाचे होते. चिठ्ठी सरसकट बंद करणाऱ्या शेठला ते रुपये बाकीच्यांतून वेगळे करता आले नव्हते.

मग सलाईनचा विषय निघाला. त्याच मुलाला जुलाब झाले होते तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या, त्यांचे आठशे रुपये लागले होते. साहेबांनी विचारलं, "पोर पाणी पीत होतं का?" पीत होतं. "मग तोंडानंच द्यायचं होतं." आणि त्यांनी तिथेच, रांग थांबवून, एक जुनी हकिगत सांगितली. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉक्टर दिलीप महालनाबिस यांच्याजवळची सलाईन संपत आली, माणसं जमिनीवर पडलेली. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांची पुडकी करून पाण्यात कालवून द्यायला सांगितली, आणि ती नातेवाइकांच्याच हातांनी पाजायला लावली. शंभरातली तीसेक माणसं मरत होती, ती चारांच्या खाली आली. पुढे त्याचंच ओआरएसचं पाकीट झालं. "आपल्या गावाच्या नावातच साखर आहे," साहेब म्हणाले. "पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस. सलाईन लागते, पण पोर पाणी पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, तेव्हा."

गड्याचा क्षय निघाला. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात छातीचा फोटो झाला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याही फुकट, वर सरकारकडून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये. चुकीच्या औषधाच्या सात बाटल्या विकत घेतल्या आणि बरोबर औषध पहिल्या दिवसापासून पाड्याशेजारी विनामूल्य होतं.

भट्टीवर त्या वर्षी औषधाचं पान कोरं राहिलं. शेठनं समाधानानं पान उलटलं असेल. पण एकटी बाई विटा थापू शकत नाही, त्यामुळे जोडी होळीनंतर परतलीच नाही. अर्ध्या हंगामाच्या विटा बुडाल्या, उचल अडकली, आणि शेजारच्या झापांतली माणसं दोन महिने त्या खोकल्याच्या हवेत झोपली होती, त्यांच्याही तपासण्या कराव्या लागल्या. औषधाच्या पानावर वाचलेला पैसा दुसऱ्या पानावर दुपटीनं गेला. फक्त त्या पानावर 'औषध' असं लिहिलेलं नव्हतं.

आता मुकादमाकडे येतो.

टेबलावरचे ढीग त्यानंही पाहिले होते आणि तो काही न बोलता घरी गेला होता. नाक्यावरचा मेडिकलवाला हंगामाच्या शेवटी त्याला मिठाईचा डबा द्यायचा, आणि चिठ्ठीमागे पन्नास रुपये. मुकादमानं ते कधी चोरी मानलं नव्हतं. गिऱ्हाईक आणलं म्हणून दुकानदारानं दिलं, मजुराच्या खिशातून आपण काही काढलं नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. त्या पहिल्या वर्षी चौसष्ट चिठ्ठ्या झाल्या होत्या. तीन हजार दोनशे रुपये. त्यात भर घालून त्यानं घरावर पत्रे टाकले होते.

भाद्रपदात, उचलीचं बोलणं करायला जोड्या त्याच्याकडे जमल्या. पाऊस असा होता की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं. तो थांबला. पाऊस थोडा उतरल्यावर म्हणाला, "हे पत्रे तुमच्या औषधातून आलेत." आणि पन्नास रुपयांचं सगळं सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. ती बाई म्हणाली, "दादा, आधी सांगितला असतास, तर आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो असतो."

तिनं एवढंच म्हटलं. मुकादमाला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. कारण दुकानदार पन्नास रुपये पदरचे देत नव्हता, ते पाच रंगांतल्या सगळ्यात महाग रंगातून येत होते. आणि जोपर्यंत ते येत होते तोपर्यंत मुकादमाच्या तोंडून 'यापेक्षा स्वस्त आहे का?' हा प्रश्न निघणं शक्य नव्हतं. त्याला लाच म्हणून पैसे मिळत नव्हते. एक प्रश्न न विचारण्याचे मिळत होते, आणि हे त्यालाही माहीत नव्हतं.

हा मुकादम फक्त भिवंडीच्या नाक्यावर भेटतो असं समजू नये. अमेरिकेत अनेक कामगारांच्या औषधांचा बराचसा खर्च मालक कंपन्या भरतात आणि औषधांची यादी, भाव, दुकानं ठरवायला मध्ये दलाल कंपन्या नेमतात. तिथल्या व्यापार आयोगाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे त्या देशातल्या वर्षाच्या सुमारे 660 कोटी औषधचिठ्ठ्यांपैकी जवळजवळ 80 टक्के चिठ्ठ्या तीनच दलाल कंपन्यांच्या हातून जातात. औषध महाग असेल तर औषध कंपनीकडून दलालाला मिळणारी परतीची रक्कमही मोठी, ही तिथली जुनी तक्रार. त्याच वर्षी एका प्रचंड कंपनीविरुद्ध तिच्याच कर्मचाऱ्यानं दावा लावला. त्यातला आरोप असा, की दुकानात शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या 90 गोळ्यांसाठी कंपनीच्या योजनेनं दहा हजारांवर डॉलर मोजले. न्यायालयानं तो दावा पुढे तांत्रिक मुद्द्यावर काढून टाकला. पण मला त्यात आमच्या मुकादमाचे पत्रे दिसतात. आपल्याकडेही हे नवं नाही. जयसुखलाल हाथी समितीनं 1975 सालीच सांगितलं होतं, की औषधांची कंपनीनं ठेवलेली नावं टप्प्याटप्प्यानं काढून टाका आणि मूळ नावानं विका. तेव्हापासून पन्नास वर्षांत पाकिटावरचं अक्षर तेवढं मोठं झालं.

तिसऱ्या वर्षी उचल घेण्याआधी मुकादम चार जाणत्या माणसांना घेऊन शेठकडे गेला. म्हणाला, "शेठ, चिठ्ठी चालू करा. पण आधीसारखी नको."

शेठ तयार नव्हता. "एकदा हात पोळलेत माझे."

"वाड्याला तुमच्या मुलाच्या कारखान्यात औषध कामगाराच्या नावावर उधार मांडतात का?"

शेठ गप्प बसला. कारखान्यात ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना होती. पगारावर मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के, आणि आजारपण त्या वर्गणीतून निघतं. भट्टीवरच्या जोडीसाठी असं काही नव्हतं, फक्त वही होती. शेठनं गेल्या वर्षीचं बुडालेलं काम मुनीमाला काढायला लावलं. तो आकडा बराच वेळ बघत बसला, आणि मग म्हणाला, "बोला."

ठरलं ते साधं होतं. भट्टीपासून दोन कोसांवर सरकारी दवाखाना होता. इतकी वर्षं तिथे कोणी गेलं नव्हतं, कारण तिकडची चिठ्ठी मुनीम देत नसे. आता आजाऱ्याला आधी तिथे न्यायचं, रिक्षाचं भाडं शेठचं, आणि त्या दिवसाची खर्ची कापायची नाही. तिथे नसलेलं औषध डॉक्टरकडून मूळ नावानं लिहून घ्यायचं आणि जनऔषधी दुकानात विचारायचं. ही दुकानं 2008 पासून आहेत, देशात दहा हजारांवर झाली आहेत, पण आमच्या माणसाला त्यांची पाटी औषधाच्या दुकानाची वाटतच नाही. नाक्यावरचा डॉक्टर रात्रीबेरात्री अडलं तरच. कुठूनही घेतलं तरी औषधाचं नाव आणि भाव त्याच दिवशी जोडीला वाचून दाखवायचा. पैसे अर्धे शेठचे, अर्धे जोडीचे. आणि खोकला पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकला तर काम थांबवून तपासणी. त्याला कोणी कामचोर म्हणायचं नाही. हे शेवटचं कलम बाईनं घालायला लावलं.

निघताना साखरशेतच्या केंद्रातून प्रत्येक जोडीला ओआरएस, झिंक, लोहाच्या आणि तापाच्या गोळ्यांची पिशवी मिळाली. कुठली गोळी कशाची ते आशाताईंनी पाड्यावर दोनदा म्हणून घेतलं.

मेडिकलवाल्यानं मोसमाच्या सुरुवातीलाच मिठाईचा डबा पाठवला. मुकादम तो घेऊन स्वतः दुकानात गेला आणि फळीवर ठेवून आला. दुकानदाराला राग आला नाही, नवल वाटलं.

तिसऱ्या वर्षीचा हिशोब वैशाखात झाला. आभाळ अजून कोरडं होतं, भट्टी विझलेली, झाप मोडून काठ्या बांधून ठेवलेल्या. त्या जोडीचं पान आलं. गडी उभा होता, अंगानं भरला होता. बाईनं पदराखालून एक वही काढली. मुलीची आश्रमशाळेतली जुनी वही. अर्ध्या पानांवर मुलीचं गणित होतं आणि उरलेल्या पानांवर रिकामी पाकिटं भाताच्या खळीनं चिकटवलेली. प्रत्येक पाकिटाखाली कोळशानं रेघा ओढल्या होत्या. आठवड्यांच्या बाजाराच्या रेघा होत्या त्या, ती त्यावरून दिवस मोजत असे.

मुनीमानं वाचलं, "औषध..." आणि थांबला. त्याच्या वहीत फक्त दोन ओळी होत्या. धाकट्याच्या तापाच्या एका रात्रीची एक ओळ राहून गेली होती. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

बाईनं पान उलटलं, एका पाकिटावर बोट ठेवलं.

"हा मांडायचा राहिला," ती म्हणाली. "नाक्यावरनं आणलेला. एकशे ऐंशी. औषध बरोबर होता. अर्धे आमचे मांडा."